मासे गार

मराठी जशी बोलायची तशीच लिहायची आणि जशी लिहिली तशीच वाचायची, हे वाक्य आपण सगळ्यांनीच शाळेत ऐकलंय. इंग्रजीची टर उडवायची असली की ते हमखास निघतं. पुट आणि बट, नाइफमधला मुका के, आणि मग "आमची देवनागरी बघा कशी शास्त्रशुद्ध!" माझ्या एका आत्याचा तर हा अगदी आवडता विषय आहे. (आत्या, रागावू नकोस, पुढे वाच.)

आता एक साधा शब्द घ्या. द्वारका. कृष्णाची नव्हे, आमची, नाशिकची. मुंबई-आग्रा महामार्गाला पुण्याचा रस्ता जिथे मिळतो तो चौक. डोक्यावरून उड्डाणपूल, खाली रिक्षा आणि दिवसभर हॉर्न. आपण लिहितो द्वा-र-का. पण तुम्ही स्वतःशीच मोठ्याने म्हणून बघा. 'द्वार्का' म्हणालात ना? र मधला अ कुठे गेला? नाशिकरोडच्या रिक्षावाल्यापासून मराठीच्या प्राध्यापकापर्यंत कुणीही तो उच्चारत नाही, आणि तो गाळायचा असतो हे आपल्याला कुणी शिकवलेलंही नाही. आईच्या तोंडून ऐकलं, झालं. सरबत, करतो, पंचवटी... सगळीकडे हेच.

आईच्या तोंडून ऐकायची सोय यंत्राला नसते. त्याला हे कुणीतरी सांगावं लागतं. आणि ते सांगितलं गेलंय की नाही हे सगळ्यात आधी कुणाला कळतं, तर ज्याला डोळ्यांनी वाचता येत नाही त्याला.

आमच्या घरात तो माणूस म्हणजे दादा. माझा चुलतभाऊ. नातेवाइकांना त्याची ओळख करून द्यायला नको, बाकीच्या मंडळींसाठी सांगते. जन्मापासून दिसत नाही, मुंबईला वसतिगृहात राहून शिकला, एका बँकेत टेलिफोन ऑपरेटर म्हणून नोकरी केली, आता निवृत्त होऊन काठे गल्लीत राहतो, माझ्या घरापासून पाच मिनिटांवर. आमच्या घरात त्याच्याइतकं वाचन कुणाचंच नाही. वाचन हाच शब्द तो वापरतो. "ऐकलं" म्हटलं की चिडतो.

त्याचं पहिलं वाचन बोटांनी झालं, ब्रेलमध्ये. भारतीय भाषांच्या ब्रेलची गोष्ट फार लोकांना माहीत नसते. सुरुवातीला आपल्याकडे निरनिराळ्या प्रांतांत निरनिराळ्या ब्रेल लिप्या चालत, एका शाळेत शिकलेल्याला दुसऱ्या शाळेतलं पुस्तक वाचता येईलच असं नाही. १९५१ साली सगळ्या भारतीय भाषांसाठी एकच 'भारती ब्रेल' ठरली. क म्हणजे क, मग तो मराठीतला असो, बंगालीतला असो की तमिळमधला. आपल्या ळ लाही त्यात स्वतःची जागा मिळाली. तिच्यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे ऱ्हस्व वेलांटी. कागदावर 'कि' लिहिताना आपण वेलांटी क च्या आधी काढतो. ब्रेलमध्ये आधी क येतो, मग इ. म्हणजे तोंडातून ज्या क्रमाने आवाज निघतात त्याच क्रमाने बोटाखाली येतात. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पण ब्रेलची पुस्तकं अवाढव्य. एक साधी कादंबरी म्हणजे तीन-चार बाडं. म्हणून मग कॅसेट आल्या. कुणीतरी स्वयंसेवक पुस्तक वाचून ध्वनिमुद्रित करायचे आणि ती कॅसेट फिरायची. त्यात उच्चाराचा प्रश्नच नव्हता, माणूसच वाचत होता. प्रश्न निवडीचा होता. दुसऱ्याने जे वाचून ठेवलं तेच वाचायचं. सकाळचं वर्तमानपत्र, मित्राचं पत्र, पॉलिसीचा कागद हे कोण कॅसेटवर भरणार?

इथे यंत्र आलं. अमेरिकेत १९७६ साली रे कुर्झवाइलने छापील मजकूर वाचून दाखवणारं यंत्र बाजारात आणलं. ते मोठं आणि महागडं होतं. एमआयटीमधल्या डेनिस क्लॅट या संशोधकाने मजकुराचा आवाज बनवण्याची जी पद्धत बसवली, त्यातूनच पुढे स्टीफन हॉकिंग यांचा जगाला माहीत असलेला तो आवाज आला. क्लॅटने त्यासाठी नमुना म्हणून स्वतःचाच आवाज वापरला होता. घशाच्या आजारात क्लॅटचा आवाज जात राहिला आणि १९८८ मध्ये तो वारला. यंत्रातला त्याचा आवाज मात्र बोलत राहिला. यावर खरं तर वेगळं लिहायला हवं.

दादापर्यंत जे पोचलं ते 'जॉज'. टेड हेन्टर नावाचा मोटरसायकल शर्यतींत उतरणारा एक माणूस, १९७८ मध्ये अपघातात त्याची दृष्टी गेली, तो प्रोग्रॅमिंग शिकला आणि १९८९ मध्ये त्याच्या कंपनीने पडद्यावरचं वाचून दाखवणारं हे सॉफ्टवेअर काढलं. आधी डॉससाठी, १९९५ पासून विंडोजसाठी. किंमत हजार डॉलरच्या आसपास. आपल्याकडच्या ऑपरेटरने ते विकत घ्यायचं म्हणजे गंमतच. पण त्यात एक सोय होती. परवाना नसेल तर ते चाळीस मिनिटं चालायचं, मग बंद. संगणक पुन्हा सुरू केला की पुन्हा चाळीस मिनिटं. दादाने अशा चाळीस-चाळीस मिनिटांत ईमेल लिहिल्या, बातम्या वाचल्या, बुद्धिबळाचे डाव बघितले. अजूनही एखादं काम किती वेळाचं आहे हे तो "अर्धा जॉज", "दोन जॉज" असं सांगतो.

तर या जॉजबरोबर 'एलोक्वेन्स' नावाचा आवाज यायचा. त्यात भाषा होत्या इंग्रजी (अमेरिकन आणि ब्रिटिश), फ्रेंच (फ्रान्सची आणि कॅनडाची), जर्मन, इटालियन, ब्राझिलची पोर्तुगीज, फिनिश आणि स्पॅनिश. स्पॅनिशही दोन: एक स्पेनची, एक लॅटिन अमेरिकेची. फिनिश बोलणारे जगात पन्नास-साठ लाख. मराठी बोलणारे, २००१च्या जनगणनेप्रमाणे, सात कोटींच्या वर. स्पॅनिशला दोन आवाज, फिनिशला एक, मराठीला शून्य. कारण उघड आहे, जिथे सॉफ्टवेअर विकत घेणारं सरकार आणि विमा कंपनी आहे तिथली भाषा आधी बोलायला लागते. त्यात रागावण्यासारखं काही नाही असं दादा म्हणायचा. मला राग यायचा.

त्या काळात घरातल्या सगळ्यांच्या ईमेल रोमन लिपीत यायच्या. (रोमन लिपीतली मराठी हा काही मोबाइलवाल्यांचा शोध नव्हे बरं का. फादर स्टीफन्स यांचं क्रिस्तपुराण १६१६ मध्ये छापलं गेलं ते रोमन लिपीतच!) पुतणीने लिहायचं, दादा, आम्ही उद्या येतो. इंग्रजी आवाज वाचायचा, "डेडा, ॲम्ही युड्या येटो". प्रत्येक त चा ट, प्रत्येक द चा ड, आणि स्वरांचं तर भजंच.

मग एका रविवारी दादाने एक उद्योग केला. भाषा बदलून बघितली. फ्रेंच, जर्मन, इटालियन करत करत तो लॅटिन अमेरिकन स्पॅनिशवर आला आणि तिथेच थांबला. "अगं, ये ऐक, ही बाई मराठी बोलतेय!"

खरंच बोलत होती, निदान अर्धी. स्पॅनिशमध्ये अ ए इ ओ उ असे पाचच स्वच्छ स्वर. रोमनमध्ये ए लिहिला की 'आ' किंवा 'अ'च्या जवळचं काहीतरी, कधीच 'एय' नाही. त आणि द दातांवरचे, आपल्यासारखे. र खणखणीत. "उद्या येतो" अगदी घरच्यासारखं आलं. द्वारकाचं 'द्वार्का' झालं, कारण रोमनमध्ये र नंतरचा अ आपण लिहितच नाही! पन्नास वर्षं देवनागरीचा अभिमान बाळगणाऱ्या घरात पहिली धड मराठी यंत्राच्या तोंडून आली ती रोमन लिपीतून, मेक्सिकोच्या बाजूच्या आवाजात.

पुढची गंमत लगेच कळली. स्पॅनिशमध्ये एच मुका. त्यामुळे 'आहे'चं 'आए', 'घर'चं 'गार', 'कुठे'चं 'कुते'. नाशिकचं 'नासिक', म्हणजे आमचे आजोबा म्हणायचे तसं. व आणि ब एकच, दोन्ही ब सारखे, म्हणून 'वेळ'चं 'बेल'. आणि जे या अक्षराचा उच्चार घशातला ख. काकूने लिहिलं होतं, मला जायचे आहे. यंत्र म्हणालं, "माला खायचे आए". दादाने उत्तरात विचारलं, काय करून ठेवू?

आणि 'माझे घर'. झेड घालून लिहिलेलं. लॅटिन अमेरिकन आवाजात त्याचं झालं "मासे गार". कितीतरी दिवस आमच्या घरात कुणी घरी चाललं की "चला, मासे गार" असंच म्हणायचं. मग स्पेनचा आवाज लावून बघितला तर तो "माथे गार". :-) म्हणजे एका स्पॅनिशमध्ये झेड म्हणजे स, दुसरीत जीभ दातांत धरून काढलेला थ.

दोन आवाज का, हे मला त्यावेळी प्रथम समजलं, आणि मग मी त्याच्या मागेच लागले. स्पेनच्या कुण्या राजाची जीभ बोबडी होती, त्याच्या खुशामतीसाठी सगळे तसं बोलू लागले, ही कथा सगळीकडे सापडते. ती निव्वळ दंतकथा आहे. खरी गोष्ट जास्त मजेची. मध्ययुगातल्या स्पॅनिशमध्ये दोन वेगळेच आवाज होते, एक 'त्स' आणि एक 'द्झ'. आजचा 'प्लाझा' तेव्हा 'प्लात्सा' होता. सोळाव्या शतकाच्या सुमाराला हे आवाज ढिले पडले. उत्तरेकडे, कॅस्टिलमध्ये, त्यांचा पुढे थ झाला. दक्षिणेकडे, अंदालुसियात, त्यांचा स झाला. आणि अमेरिकेला जाणारी जहाजं सुटायची ती दक्षिणेतल्या सेव्हिलहून. जहाजांबरोबर स गेला.

आता 'त्स' आणि 'द्झ' हे आवाज पुन्हा एकदा काढून बघा. ओळखीचे वाटतात? चाकातला च आणि जाडातला ज! अगदी तेच. दातांवर जीभ टेकून काढलेले. चिमणीतला च आणि जिभेतला ज वेगळे, ते टाळूवरचे. हिंदीवाल्यांना आपले हे दातांवरचे च-ज जमत नाहीत म्हणून आपण हसतो, आणि ते आपल्या लिपीत नाहीतच! दोन्हींना एकच अक्षर. जुन्या स्पॅनिशकडे मात्र आपल्या चाकातल्या च साठी स्वतंत्र अक्षर होतं, सी च्या खाली शेपटी काढलेलं. आवाज गेल्यावर त्यांच्या अकादमीने अठराव्या शतकात ते अक्षरही काढून टाकलं. त्यांच्याकडे अक्षर होतं आणि आवाज गेला. आपल्याकडे आवाज आहे आणि अक्षर कधी नव्हतंच.

यंत्राला यातलं अवघड काय वाटतं ते सांगते. आजच्या स्पॅनिशचा भेद प्रदेशाचा आहे. कुठला आवाज लावायचा एकदा ठरवलं की पुढे सगळं नियमाने. आपला भेद प्रदेशाचा नाही, शब्दाच्या जन्माचा आहे. संस्कृतातून जसाच्या तसा आला तर टाळूचा: चक्र, चंद्र. झिजून मराठी झाला तर दातांचा: चाक, चांदणं. ज्योतिषीतला ज टाळूचा, त्याचाच जोशी झाला की दातांचा. फारसीतून आलेले बाजार, जमीन दातांचे. पुढे इ, ए किंवा य आला तर पुन्हा टाळू, म्हणून 'माझा' वेगळा आणि 'माझी' वेगळी. चिंच या एवढ्याशा शब्दात पहिला च टाळूचा, दुसरा दातांचा, आणि चिंचेचा म्हटलं की मधला परत टाळूवर जातो! हे सगळं आपण तीन वर्षांच्या वयात शिकून बसलेलो असतो.

आणि जिथे शब्दाचं रूप एकच असतं तिथे तर नियमही हात टेकतात. दादाने एक वाक्य करून ठेवलंय, नवीन आवाज आला की आधी तेच वाचायला देतो: "चार गाईंना चारा चार." पहिला चार संख्या, टाळूचा. पुढचे दोन दातांचे. दुसरं वाक्य: "जगात नीट जग." माणूस अर्थ कळतो म्हणून बरोबर वाचतो. अर्थ कळल्याशिवाय उच्चार नाही, अशी लिपी म्हणजे 'जशी लिहिली तशी वाचायची' लिपी कशी? (आत्या, वाचतेयस ना?)

असो. मधल्या काळाकडे वळते. तोपर्यंत देवनागरीत मराठी संकेतस्थळं बरीच झाली होती, वर्तमानपत्रंही होती. पण दादासाठी ती असून नसल्यासारखी. कारण फॉन्ट. प्रत्येकाचा फॉन्ट वेगळा, आणि त्या फॉन्टांत मराठी अक्षरं साठवलेली नसायचीच. आत असायची रोमन अक्षरं आणि चिन्हं, फक्त त्यांच्या अंगावर देवनागरीचे कपडे. डोळ्यांना मराठी दिसायचं. यंत्राला कपडे दिसत नाहीत, ते आतलं वाचतं. त्यामुळे अग्रलेख ऐकायला बसलं की एफ, डॉलर, स्लॅश, कंस, प्रश्नचिन्ह. त्यातही ऱ्हस्व वेलांटी डोळ्यांना दिसते तशी आधी साठवलेली. ब्रेलने १९५१ मध्ये ऐकण्याचा क्रम धरला होता, फॉन्टवाल्यांनी बघण्याचा धरला.

सरकारी पातळीवर काहीच नव्हतं असं नाही. भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' हे मानक १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून मंजूर झालं होतं. त्यात आणि नंतरच्या युनिकोडमध्येही वेलांटी व्यंजनाच्या नंतरच, उच्चाराच्या क्रमाने. पण युनिकोड देवनागरी घरच्या संगणकावर सहज दिसायला लागलं ते विंडोज २००० आणि एक्सपीपासून, आणि लोकांनी ते वापरायला आणखी काही वर्षं घेतली. आपल्यापैकी ज्यांनी २००४-०५च्या सुमारास बरहा वगैरे घेऊन ब्लॉग लिहायला घेतले त्यांना आठवत असेल, "तुझा ब्लॉग चौकोन चौकोन दिसतो" अशा तक्रारी यायच्या. कुणाच्या मनातही नसताना त्या चौकोनवाल्या मजकुराने एक मोठं काम केलं. अंध वाचकाला प्रथमच खरं मराठी अक्षर मिळालं. आता ते वाचणारा आवाज हवा होता.

तो आला २००६ नंतर, आणि आला फुकट. ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या अंध तरुणाने २००६ मध्ये 'एनव्हीडीए' लिहायला घेतलं. त्याचं म्हणणं सरळ होतं, डोळस माणूस पडदा बघायचे वेगळे पैसे देत नाही, मग अंधाने का द्यावेत? पुढे जेम्स टे हा दुसरा अंध प्रोग्रॅमर त्याला मिळाला. त्यांना आवाज मिळाला 'ईस्पीक'चा. तो जोनाथन डडिंग्टन नावाच्या इंग्रज गृहस्थाने एकोर्न कंपनीच्या जुन्या संगणकांसाठी १९९५ मध्ये केलेल्या एका छोट्या प्रोग्रॅमचा वाढवलेला अवतार. अनेक भाषा मिळून दोनेक मेगाबाइट! कुणाची वाक्यं ध्वनिमुद्रित केलेली नाहीत, बहुतेक सगळं गणिताने बनवलेलं. प्रत्येक भाषेसाठी दोन साध्या मजकुराच्या फाइली: एकीत नियम, दुसरीत अपवादांची यादी. त्यातल्या बऱ्याच भाषा डडिंग्टनला स्वतःला येत नव्हत्या. माहिती गोळा करून तो पहिला खर्डा करायचा आणि त्या त्या भाषेच्या लोकांनी चुका सांगाव्यात असं स्पष्ट लिहून ठेवायचा. त्या यादीत हिंदी होती आणि पुढे मराठीही आली. १९८९ ते त्या दिवसापर्यंत कुठल्याच मोठ्या कंपनीने जे केलं नव्हतं ते एका माणसाने घरी बसून केलं.

मराठीच्या आधी दादाने बरेच दिवस एका हिंदी आवाजावर काढले. लिपी एकच, तेव्हा हिंदी आवाज मराठी वाचतो. वाचतो म्हणजे काय, ज्ञानेश्वर 'ग्यानेश्वर' होतात, ऋषी 'रिशी' होतो, कृष्ण 'क्रिष्ण'. कैरीची 'कॅरी' होते आणि औषधाचं 'ऑषध', कारण हिंदीत ऐ आणि औ आपल्यासारखे दोन स्वर जोडून म्हणत नाहीत. दऱ्या आणि दर्या एकच, आचाऱ्यांना बोलावलं काय आणि आचार्यांना बोलावलं काय, एकच. आणि 'केलं', 'झालं', 'वाटलं'! हा अनुस्वार नाकातला नाहीच, शेवटचा अ जरा लांबवा एवढीच ती खूण. हिंदी आवाज इमानेइतबारे म्हणायचा, केलम्, झालम्, वाटलम्. माझं सगळं लिखाण याच वळणाचं. दादा म्हणाला, "तुझं पान वाचलं की बेडकांच्या तळ्यावर बसल्यासारखं वाटतं. तू 'केले, झाले' लिहीत जा." मी नाही म्हटलं. बोलते तसं लिहिणार, यंत्राने सुधारावं. यावर आमचा चांगला आठवडाभर अबोला झाला. माझं म्हणणं होतं की यंत्राच्या सोयीने भाषा बदलायला लागलो तर उद्या च पण बदलशील. त्याचं म्हणणं, "तुला तत्त्व आहे, मला वाचायचंय." त्याला उत्तर मला आजही सापडलेलं नाही, आणि तरी मी 'केलं'च लिहितेय.

याची दुसरी बाजू काकूने दाखवली. ती म्हणाली, मुलं नुसती ऐकूनच शिकली तर त्यांना लिहायचं कसं कळणार? हा प्रश्न फार खरा आहे. वेलांटी ऱ्हस्व की दीर्घ, श की ष, हे कानाला कळतंच असं नाही. दादाचं शुद्धलेखन माझ्याहून चांगलं आहे ते ब्रेलमुळे, बोटांनी प्रत्येक अक्षर चाचपलेलं आहे म्हणून. आज सगळं फोनवर ऐकता येतं तेव्हा ब्रेल कशाला, असं म्हणणाऱ्यांशी तो हमरीतुमरीवर येतो.

नंतर परिस्थिती झपाट्याने बदलली. केंद्र सरकारच्या मदतीने २००९ पासून आयआयटी मद्रासच्या पुढाकाराने भारतीय भाषांच्या आवाजांचा एकत्रित प्रकल्प सुरू झाला. पहिल्या सहा भाषांत मराठी होती आणि मराठीचं काम मुंबईच्या सीडॅककडे होतं. इथे माणसांचा आवाज ध्वनिमुद्रित करून त्यातून यंत्राचा आवाज घडवायचा होता. आता तर बहुतेक फोनमध्ये मराठी आवाज असतो, आणि नवे आवाज इतके माणसासारखे की पाहुण्यांना वाटतं आत कुणीतरी बाई बोलतेय. तासन्‌तास मराठी ऐकून ते शिकलेले असल्यामुळे चाकातला च बऱ्याच वेळा आपोआप बरोबर येतो.

पण दादा ते गोड आवाज फार वापरत नाही! डोळस माणसांना हे कळत नाही. तो ज्या वेगाने ऐकतो त्या वेगात तुम्हाआम्हाला नुसती घरघर ऐकू येते. गोड आवाज तेवढा पळवला की शब्द एकमेकांत विरघळतात. यंत्री आवाज पळवला तरी अक्षर न् अक्षर सुटं राहतं. "बातमी वाचायला रोबो, कविता वाचायला बाई," असं त्याचं गणित आहे. त्यामुळे जुन्या पद्धतीच्या आवाजाचे उच्चार दुरुस्त करणं हे काम संपलेलं नाही, नवे आवाज आले म्हणून ते निकालात निघालं असं समजू नका.

ते काम आम्ही दोघं आमच्यापुरतं करतो. एनव्हीडीएमध्ये उच्चारांचा कोश असतो. डावीकडे शब्द जसा लिहितात तसा, उजवीकडे यंत्राने काय समजून वाचायचं ते. चाकातल्या च साठी आम्ही उजवीकडे त्स लिहितो, जाडातल्या ज साठी नुक्तावाला ज़. सुरुवात अर्थातच नाशिक जिल्ह्यापासून केली, कारण गावांची नावं चुकली की त्याला फार लागतं. चांदवड म्हणजे त्सांदवड. ओझर म्हणजे ओज़र, यात ह कार जातो पण चालवून घेतलं. जुने नाशिक म्हणजे ज़ुने नाशिक. जोशी, चव्हाण ही आडनावं. चुना, चोर, चूल, चांदी. दर रविवारी तो आठवड्यात खटकलेले शब्द सांगतो आणि मी भरते, कारण म्हणे माझा त्स चांगला येतो.

दोन ओळी मात्र कोऱ्या आहेत, जग आणि चार. हा कोश शब्द बघतो, वाक्य बघत नाही. जगचा ज़ग केला तर सगळं जगच दातांवर येतं. मी म्हटलं, त्या ओळी काढून टाकू. तो नको म्हणाला.

हे सगळं लिहून त्याला काल पाठवलं. रात्री साडेदहाला फोन. वाटलं, 'केलं-झालं'वरून काहीतरी बोलणार. तर म्हणाला, "चाळीसगाव राहिलंय."